पुढचे शॉकअप गेलेत का आणि गेले असतील तर बदलायचे कसे : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीत कोणाच्या गाडीतून खडखड आली की रविवारी सकाळी मला खाली बोलावतात, आणि तेच तेच सांगून आता तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी मेकॅनिक नाही हे आधीच सांगतो. माझी २०१३ ची पेट्रोल डिझायर आहे, घर पुण्यात आणि गाव चिपळूणजवळ, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाट ठरलेला. मागच्या सीटवर आई, बायको, मुलगी आणि येताना डिकीत नारळ नि तांदळाचं पोतं. या गाडीचे पुढचे शॉकअप दोनदा बदलून झाले, पहिल्यांदा उगाचच आणि दुसऱ्यांदा खरी गरज होती म्हणून. त्या दोन्ही वेळेला जे कळलं ते खाली आहे.

शॉकअप, शॉक अब्सॉर्बर, स्ट्रट… सगळं एकच ना?

बोलण्यात एकच, गॅरेजमध्ये सगळ्याला शॉकअपच म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही. पण पुढच्या आणि मागच्या चाकात फरक आहे तो समजून घ्या. डिझायर, स्विफ्टसारख्या गाड्यांना मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, म्हणजे मागचा शॉकअप काढला तरी गाडी स्प्रिंगवर उभी राहते. पुढे मात्र स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर बसलेली असते, चाकाचा नकल (ज्या लोखंडी भागावर चाक बसतं तो) त्यालाच बोल्टने धरलेला असतो आणि स्टिअरिंग वळवलं की हा अख्खा खांबच चाकाबरोबर फिरतो. हा स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना काढली म्हणून पुस्तकात मॅकफर्सन स्ट्रट लिहितात, आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० पासून पुढच्या चाकाला हीच रचना घरोघरी पोचली.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो कारण पुढे सारखी लागणार आहे. गाडीचं वजन उचलते ती स्प्रिंग. स्ट्रटच्या आतला पिस्टन तेलातून वरखाली होतो, तेल बारीक व्हॉल्व्हमधून दाबून जातं आणि स्प्रिंगचं उसळणं तिथे जिरतं, त्याची उष्णता होते. म्हणजे स्प्रिंग उसळणार आणि स्ट्रट तिला गप्प बसवणार एवढीच वाटणी. म्हणून "गाडी पुढून खाली बसलीय, शॉकअप गेले वाटतं" असं कोणी म्हटलं तर आधी स्प्रिंग बघायची, तुटलेली किंवा बसलेली असू शकते.

खड्ड्यातून गेलं की पुढून कट्-कट् आवाज येतो, शॉकअप गेले का?

बहुतेक वेळा नाही! माझे पैसे इथेच गेले. ६२ हजार किलोमीटरला डाव्या बाजूने कट्-कट् सुरू झालं, हळू चालवताना छोट्या छोट्या खड्ड्यात जास्त, मोठ्या खड्ड्यात उलट कमी. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी एक चक्कर मारली आणि "साहेब, शॉकअप गेले, दोन्ही टाकून घ्या" म्हणाले. टाकले. गॅरेजमधून निघाल्यावर दुसऱ्याच स्पीडब्रेकरला कट्-कट्. परत गेलो तर म्हणे नवीन आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. महिनाभराने अलाइनमेंटला गेलो होतो तिथे गाडीखालच्या खड्ड्यात उतरलेल्या पोराने डाव्या चाकामागचा लिंक रॉड (स्ट्रट आणि स्टॅबिलायझर बार जोडणारी छोटी दांडी) मुठीत धरून हलवला आणि म्हणाला, काका इकडे हात लावा. हात लावला तर त्याचा छोटा बॉल जॉइंट खुळखुळ्यासारखा वाजत होता. काही शे रुपयांचा पार्ट, वीस मिनिटांचं काम, आवाज बंद.

जुने स्ट्रट मी घरी आणले होते म्हणून बरं झालं. उभा धरून दांडा खाली दाबला तर सगळीकडे सारखा जोर लागत होता आणि सोडल्यावर आपोआप हळूहळू वर येत होता, कुठे ढिला पडत नव्हता, तेलाचा थेंब नाही. चांगले होते ते.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की आवाज करणारा पार्ट बहुतेक दुसराच कोणीतरी असतो आणि खराब झालेला स्ट्रट बऱ्याचदा गप्प असतो. कट्-कट् येत असेल तर आधी लिंक रॉड, मग लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे) बुश म्हणजे रबरी आवरणं, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारचे (वळणात गाडीचं कलणं आवरणाऱ्या आडव्या दांडीचे) रबर, आणि शेवटी स्ट्रट. मोठ्या खड्ड्यात एकदाच "धाड" येत असेल, म्हणजे सस्पेन्शन पार तळाला जाऊन आपटत असेल, तर मात्र स्ट्रटवर संशय घ्यायला जागा आहे.

मग गेलेला स्ट्रट ओळखायचा कसा?

माझे दुसऱ्या वेळचे स्ट्रट सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास गेले आणि आवाज शून्य. कळलं कसं तर रात्री पाटण सोडल्यावर कोयनेच्या रस्त्याला एक उंचवटा आला, गाडी त्यावरून गेली आणि समोरच्या झाडांवर हेडलाइटचा उजेड तीन-चारदा वरखाली झाला. बायको म्हणाली होडीत बसल्यासारखं होतंय, आणि घाटात मुलीला उलटी झाली, जी आधी कधी होत नव्हती. ड्रायव्हरला हे उशिरा कळतं बरं का, कारण बिघाड हळूहळू वाढतो आणि आपल्या हाताला सवय होते. मागे बसणाऱ्यांना विचारा.

बाकीच्या खुणा म्हणजे ब्रेक मारला की नाक जास्तच खाली जाणं, घाटातल्या वळणात गाडी कलंडल्यासारखी वाटणं, हायवेला पुलाच्या जॉइंटवरून गेल्यावर पुढची बाजू तरंगत राहणं, आणि खडबडीत रस्त्यावर वळताना पुढचं चाक थोडं बाहेर सरकणं.

आणि सगळ्यात भरवशाची खूण टायरवर असते. गाडी उभी करा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे टायर बाहेर दिसेल, आणि तळहात टायरच्या नक्षीवरून गोलाकार दिशेने फिरवा, आडवा नाही. हात सपाट सरकला तर ठीक. हाताला थोड्या थोड्या अंतराने खळगे लागले, जसं कोणी चमच्याने रबर खरवडून काढलंय, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये, उड्या मारत चाललंय. अशा टायरचा हायवेला घूं घूं असा आवाज येतो आणि लोक त्याला व्हील बेअरिंग समजून बेअरिंग बदलतात. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर तो अलाइनमेंटचा विषय, त्यात स्ट्रटला दोष देऊ नका.

बॉनेट दाबून सोडायचं, किती वेळा उसळते बघायचं, ती टेस्ट बरोबर आहे का?

अर्धी बरोबर आहे. कोपऱ्यावर वजन टाकून दोन-तीनदा दाबा, लय पकडा आणि सोडून द्या. वर येऊन एखाद्या हेलकाव्यात थांबली तर ठीक, त्यापुढेही हलत राहिली तर स्ट्रट नक्की गेला. पण थांबली म्हणजे स्ट्रट चांगलाच आहे असं होत नाही, हे लोक विसरतात. हाताने आपण जेवढ्या वेगाने दाबतो तो वेग खड्ड्याच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे अर्धवट झिजलेला स्ट्रट या परीक्षेत आरामात पास होतो. माझा पण झाला होता. आणि बॉनेटच्या मधोमध पत्र्यावर जोर देऊ नका, पोचा पडतो, मडगार्डच्या वरच्या कडेला दाबा.

स्ट्रटवर तेलकट दिसतंय, बदलू का?

किती तेलकट ते बघा. दांडा वरखाली होताना सीलमधून तेलाचा अगदी पातळ थर बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसून वरचा भाग काळपट दिसतो, ते चालतं. फडक्याने स्वच्छ पुसा, आठ-दहा दिवस गाडी चालवा, परत बघा. पुन्हा ओला झाला असेल, तेल ओघळून खाली नकलच्या ब्रॅकेटपर्यंत आलं असेल तर सील गेलं, त्याला औषध नाही. पावसाळ्यात हे बघायला जाऊ नका, सगळंच ओलं असतं आणि काही कळत नाही. आणि आधी खात्री करा की तेल स्ट्रटचंच आहे, कधीकधी ड्राइव्हशाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) रबर बूट फाटून ग्रीस उडून तिथे चिकटलेलं असतं.

जागेवर स्टिअरिंग फिरवलं की टंग्-टंग् वाजतं.

स्ट्रटच्या वरच्या टोकाचं बेअरिंग जाम झालंय बहुतेक. स्प्रिंगने स्टिअरिंगबरोबर सहज फिरायला पाहिजे, ती अडकते, पीळ भरत जातो आणि मग एकदम उडी मारून सुटते, त्याचा हा आवाज. कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही चाकाच्या वरून हात घालून स्प्रिंगला बोटं टेकवा, उडी बोटांना स्पष्ट जाणवते. गाडी वर असताना स्प्रिंगमध्ये बोटं घालू नका, चेपतील.

गाडी एका बाजूला ओढते, स्ट्रटमुळे?

क्वचित. आधी हवा चेक करा, मग अलाइनमेंट, मग ब्रेक धरून राहतोय का ते.

किती किलोमीटरला बदलायचे?

असा आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर रोज जाणारी गाडी आणि पावसाळ्यात कोकणात राबणारी गाडी, दोघींचं आयुष्य सारखं कसं असेल. ५० हजारांनंतर दर सर्व्हिसिंगला टायरवरून हात फिरवा आणि सील बघा, एवढं पुरे.

खड्डे एक आहेतच पण स्पीडब्रेकरही कमी नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सुखात ओलांडता येतो असं आहे. आता तुमच्या गल्लीतला आठवा. रात्रीत कोणीतरी डांबराचा ढीग टाकून गेलेला असतो, तो २५ ने घेतला तर कवळी बाहेर येईल. आपण डाव्या बाजूने चालवतो आणि रस्ता कडेलाच जास्त तुटलेला असतो त्यामुळे डावा स्ट्रट बऱ्याचदा आधी जातो, माझा तोच आधी गेला होता.

एकच गेलाय, एकच बदलला तर?

जोडीने बदला. एका बाजूला नवीन कडक आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असं ठेवलं तर ब्रेक मारताना आणि वळणात दोन्ही चाकं वेगवेगळी वागतात. पुढचे दोन बदलले म्हणून मागचे दोन बदलायची सक्ती नाही, ते वेगळे तपासा. अपवाद एकच, नवीन टाकून चार महिने झालेत आणि अपघातात किंवा खड्ड्यात एक वाकला, तर त्याच कंपनीचा एक चालेल.

स्ट्रटबरोबर अजून काय बदलायचं? गॅरेजवाला लांबलचक यादी देतोय.

यादीतलं थोडं खरं असतं. वरचं माउंटिंग आणि बेअरिंग, बंप स्टॉप म्हणजे दांड्यावरचा तो फेसाळ रबराचा तुकडा, आणि धुळीचं कव्हर, हे बदलाच, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी परत द्यावी लागते. कव्हर फाटलेलं राहिलं तर चिखल थेट चकचकीत दांड्यावर बसतो आणि नवीन सील वर्षभरात कापतो. स्प्रिंग सरसकट बदलायची नाही, तडा, गंज किंवा दोन्ही बाजूंच्या उंचीत फरक असेल तरच. लिंक रॉड हलवून बघून ठरवा. लोअर आर्म, टाय रॉड एंड वगैरे "आताच करून घ्या" म्हणत असेल तर म्हणावं, हलवून दाखव.

जुन्यातच तेल भरून रिपेअर करून देतात, अर्ध्या पैशात. करू?

नका करू. नळी कापून, कुठलं तरी तेल ओतून, वेल्डिंग मारून रंग दिलेला असतो. आतले व्हॉल्व्ह झिजलेले तसेच, आणि हाच खांब तुमचं पुढचं चाक उभं धरून असतो हे लक्षात घ्या. तसंच स्प्रिंगच्या वेटोळ्यात बसवायचे रबरी बफर विकतात, त्याने गाडी थोडी उंच होते आणि कडक वाटते पण गेलेला स्ट्रट त्याने बरा होत नाही, उलट उसळी तशीच राहते.

पार्ट कुठला घ्यायचा?

मारुतीचा जेन्युइन, किंवा गॅब्रिएल, मोन्रो यांच्यापैकी तुमच्या गाडीला बरोबर बसणारा. बिलाशिवाय घेऊ नका, नाना पेठेत घ्या नाहीतर ऑनलाइन. दुकानात चेसिस नंबर द्या, नुसतं "डिझायर" सांगू नका, कारण डिझेल इंजिन जड असतं आणि पेट्रोल-डिझेलचे पार्ट नंबर वेगळे असू शकतात. डावा आणि उजवा वेगळा असतो, ब्रेकच्या पाइपची ब्रॅकेट उलट बाजूला येते. माझ्या ओळखीच्या एकाने दोन डावे घरी आणले होते आणि बसवायला घेतल्यावर कळलं, तेही रविवारी, दुकान बंद.

घरी बदलता येतात का?

गाडीतून काढणं आणि परत लावणं येतं. स्ट्रटवरची स्प्रिंग उतरवणं घरी करू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. दाबलेली स्प्रिंग म्हणजे ताणून धरलेली गोफण आहे, वरचा मधला नट सुटला आणि स्प्रिंग नीट पकडलेली नसली तर माउंटिंग तोंडावर येतं. हात तुटलेत लोकांचे. ऑनलाइन मिळणारे स्प्रिंग दाबायचे स्वस्त दोन हुकांचे कॉम्प्रेसर माझ्यासमोर घसरलेत. मी काय करतो तर अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट बाहेर काढतो, स्कूटरवर ठेवून भिंतीला बसवलेलं मशीन असलेल्या गॅरेजला नेतो, ते एका बाजूची अदलाबदल पंधरा-वीस मिनिटांत करून देतात, मी तिथे उभा राहून बघतो.

उभं राहून काय बघायचं? स्प्रिंगचं खालचं टोक स्ट्रटच्या बशीतल्या पायरीला बरोबर टेकलंय ना. वरच्या माउंटिंगची दिशा जुन्यासारखीच आहे ना, म्हणून उघडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. बंप स्टॉप आणि कव्हर घातलंय ना, हे विसरतात. आणि दांडा पकडीने धरू देऊ नका, त्यावर एक ओरखडा आला की सील गेलं समजा. दांड्याच्या टोकाला ॲलन की लावून धरायची आणि नट पान्याने फिरवायचा. हवेच्या गनने दांडा गरागरा फिरवणारा दिसला तर थांबवा, वाईट दिसलं तरी चालेल.

बरं, गाडीतून काढायचा कसा ते नीट सांगा.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टच्या आट्या वायर ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी सपाट फरशीवर गाडी, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता ठरलेल्या जागी स्टँड. कंपनीचा जॅक पंक्चरपुरता असतो. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, काही झालंच तर गाडी त्यावर बसेल.

आता स्ट्रटवरची ब्रेक पाइपची क्लिप आणि एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर सोडवा. लिंक रॉडचा नट काढा, त्याची पिन गोल फिरत राहते, तिला ॲलन की किंवा पान्याने धरावं लागतं, आणि जुन्या गाडीत हाच नट अर्धा तास खातो. मग स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन मोठे बोल्ट, पण त्याआधी खिळ्याने किंवा पेंटने दोघांवर मिळून एक रेघ ओढून ठेवा, कारण त्या भोकात थोडी फट असते आणि तिथेच कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, बदलतो. नवीन स्ट्रटवर ती रेघ नसणार, पण जुना शेजारी ठेवून अंदाज येतो.

बोल्ट निघाले की नकल बाहेर झुकतो. त्याला तारेने स्टँडजवळच्या एखाद्या भक्कम जागेला बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका आणि जोरात बाहेर ओढूही नका, ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निसटतो आणि मग रविवार संपला. सगळ्यात शेवटी बॉनेटखालचे वरचे नट. काही गाड्यांत तीन असतात, ते काढायचे आणि मधल्याला हात लावायचा नाही. काहींत वरून एकच नट दिसतो, तिथे आधी मॅन्युअल बघा की गाडीला धरणारा कुठला आणि स्प्रिंगला धरणारा कुठला. आणि शेवटचा नट काढताना खाली एक माणूस स्ट्रट धरायला हवाच, तो चांगला जड असतो.

नवीन स्ट्रट स्प्रिंग चढवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि वर खेचायचा. दुकानात महिनोन्महिने आडवा पडलेला असतो, आत हवा तेलात जाते, ती निघते. पहिल्या एक-दोन दाबांना तो पोकळ वाटला तर घाबरू नका.

लावताना सगळं उलट क्रमाने. लॉकिंग नट नवीन घ्या. टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते, मॅन्युअलमधला बघा आणि टॉर्क रेंच भाड्याने मिळाला तर उत्तम. चाकाचे नट समोरासमोरचे असे आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, ब्रेकचा पाइप कुठे ताणला जात नाही ना, पिळलेला नाही ना. पहिली बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उघडू नका, विसरलं तर बघायला एक नमुना शिल्लक राहतो. मला पहिल्या बाजूला चार तास लागले, दुसरीला दीड.

नवीन टाकले तरी आवाज येतोय!

लिंक रॉडचा नट, वरचे नट, ब्रेक पाइपची क्लिप, या तीन गोष्टी परत आवळून बघा. टंग् असा एकदा आवाज येऊन परत येत नसेल तर स्प्रिंगचं टोक पायरीत बसलं नव्हतं ते आता बसलं. पहिल्यापासूनचाच कट्-कट् अजून येत असेल तर माझी ६२ हजारांची गोष्ट परत वाचा.

अलाइनमेंट करायलाच पाहिजे का? गाडी सरळ चाललीय.

हो. दोन बोल्ट सोडले म्हणजे कॅम्बर हलला, कॅम्बर हलला म्हणजे टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते, हलला. नाही केलं तर दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये नव्या टायरची आतली कड गुळगुळीत होते आणि ती बाहेरून दिसत पण नाही.

खर्च किती?

माझं दुसऱ्या वेळचं बिल, दोन्ही बाजूंचे स्ट्रट, माउंटिंग, बेअरिंग, कव्हर आणि बंप स्टॉप मिळून साधारण आठ हजार, स्प्रिंगची अदलाबदल सहाशे, अलाइनमेंट पाचशे. मजुरी माझी, त्याचे दोन कप चहा आणि कंबरेला बाम. तुमच्या गाडीला आणि तुमच्या गावात वेगळं येईल.

गणपतीला आठ दिवस राहिलेत, स्ट्रट ओघळतोय, असंच जाऊन आलो तर?

रिकामी गाडी, शहरातल्या शहरात, हळू, असं असेल तर आठ दिवस काढता येतील. पण पाच माणसं, सामान, घाट, पाऊस आणि मुंबई-गोवा हायवे, हे गेलेल्या स्ट्रटवर करू नका. ओल्या रस्त्यावर चाक उड्या मारत असताना ब्रेक मारला तर ते जमिनीवर असेल तेवढा वेळच ब्रेक लागणार, आणि एबीएस त्यात काही करू शकत नाही. सणाच्या आधीच्या आठवड्यात गॅरेजं भरलेली असतात, म्हणून आजच फोन करून नंबर लावा आणि पार्ट स्वतः आणून ठेवा. नाहीच जमलं तर सामान एसटीने किंवा दुसऱ्या कोणाच्या गाडीतून पाठवा, निघताना चाकात भरलेल्या गाडीसाठीची हवा भरा (आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतो), आणि कुंभार्ली उजेडात उतरा.